मीटरच्या अलीकडे

मुलगी: बाबा, एका वाक्यात सांगायचंय. गोष्ट नाही सांगायची.

नाकवाला: एकाच वाक्यात सांगतोय. वाक्य लांब आहे, त्याला मी काय करू?

मुलगी: छोटं करा. एका संज्ञेला पंचवीस शब्द, असं साहेबांनी ठरवून दिलंय. चौसष्ट संज्ञा आहेत आणि चार वाजता फाइल छपाईला जाणार. सोमवारपासून गॅसमध्ये हायड्रोजन मिसळायला सुरुवात. त्याआधी पुस्तिका प्रत्येक घरी पोचली पाहिजे.

नाकवाला: आणि लोक ती वाचूनच शेगडी पेटवणार.

मुलगी: वाचोत, नाहीतर डब्याखाली घालोत. आपलं काम छापायचं. चला, 'संक्रमण इंधन.'

नाकवाला: हे कुठलं?

मुलगी: आपलाच गॅस. कोळसा सोडला आणि पूर्ण स्वच्छ ऊर्जा अजून यायचीय, त्या मधल्या काळापुरतं वापरायचं इंधन. परदेशात त्याला पूल म्हणतात.

नाकवाला: म्हणजे एकतीस वर्षं मी पुलावर गस्त घालत होतो? मला कुणी बोललं नाही. आम्हाला सांगितलेलं, स्वच्छ इंधन ते हेच. कोळशावर सैपाक करणारी बाई खोकतेय आणि गॅसवाली हसतेय, अशी पत्रकं मी स्वतः दारोदार टाकलीत.

मुलगी: तेव्हाचं तेव्हा. 'अडकलेली मालमत्ता.' मुदत संपायच्या आधीच निरुपयोगी ठरलेले पाइप, यंत्रं, केंद्रं.

नाकवाला: गळतीचा वास घेत फिरणारं आमचं गस्त खातं घाल त्यात.

मुलगी: गस्त खातं मालमत्तेत नव्हतंच बाबा. ते खर्चात होतं.

नाकवाला: बरं. पुढे.

मुलगी: 'निव्वळ शून्य.' जेवढं हवेत सोडलं तेवढं परत काढून घेतलं, की बाकी शून्य.

नाकवाला: परत कोण काढून घेणार?

मुलगी: कुठे जंगलं, कुठे यंत्रं. थोडं कागदावर.

नाकवाला: थोडं?

मुलगी: बाबा, मला हसवू नका, उशीर होतोय. 'निसटतं उत्सर्जन.' जोडांतून, झडपांतून, चिरांतून नकळत हवेत जाणारा वायू.

नाकवाला: म्हणजे गळती.

मुलगी: नाही, गळती वेगळी. गळती कुणाला तरी सापडते, तिला क्रमांक मिळतो, कुणीतरी जाऊन ती दुरुस्त करतं. निसटतं उत्सर्जन अंदाजाने धरतात.

नाकवाला: सापडली तर गळती, नाही सापडली तर उत्सर्जन. बायकोच्या नावामागे सौभाग्यवती लावतात तसं झालं. बाई तीच.

मुलगी: हे पंचवीस शब्दांत बसलं, पण छापता येणार नाही. 'वासद्रव्य.' हे तुमच्या हक्काचं आहे, तुम्हीच सांगा.

नाकवाला: गॅसला मुळात ना रंग ना वास. तो घरात भरला तरी माणसाला पत्ता लागत नाही. म्हणून त्यात एक घाणेरड्या वासाचं द्रव्य चिमूटभर मिसळतात. सडलेल्या कोबीचा वास. तो आला, की खिडक्या उघडायच्या, बटणाला हात लावायचा नाही आणि बाहेर पळायचं.

मुलगी: छान. कोबी ठेवते. अहो, दूध! बाबा, दूध लागलंय खाली! अख्ख्या घरात करपट वास सुटलाय आणि तुम्ही शेगडीला टेकून उभे!

नाकवाला: बोलण्याच्या नादात लक्ष गेलं नाही. दे इकडे, मी घासतो पातेलं.

मुलगी: राहू द्या, भिजत घालते. आणि असं साहेबांसमोर करू नका हं. पुस्तिकेच्या मागच्या पानावर तुमचा फोटो टाकतायत. 'एकतीस वर्षं शहराची काळजी वाहणारे आमचे नाकवाले.' ओळ मीच लिहिली.

नाकवाला: तो फोटो काढून टाकायला सांग.

मुलगी: का?

नाकवाला: नको वाटतं. बरं, माती वास खाते, ते कुठे घातलंस?

मुलगी: ते होतं. 'वासक्षय.' जमिनीतून झिरपताना मातीत वासद्रव्य शोषलं जातं आणि वायूचा वास उडतो. एक्केचाळिसावी संज्ञा होती. साहेबांनी काढली.

नाकवाला: का?

मुलगी: ग्राहक घाबरतील म्हणाले. वास आला तर पळा, हे एक सांगायचं आणि वास न येताही गॅस असू शकतो, हे दुसरं सांगायचं. माणसाने मग करायचं काय?

नाकवाला: घाबरायचं. आणि तू काढलीस?

मुलगी: मी नाही, त्यांनी काढली. मी फक्त पुढचे क्रमांक सरळ केले.

[दारावर थाप.]

शिंपीण: नाकवाल्या भाऊंचं घर हेच ना? दोन घरं चुकून आलेय. मी शाळेमागच्या गल्लीतली शिंपीण. म्हणजे, ते घर ज्याचं... ज्याचं छत गेलं, ते.

नाकवाला: ओळखलं बाई. आत या. बसा.

शिंपीण: बसते. पण चहा टाकू नका. मी घेत नाही आता. ह्या कोण, लेक का?

नाकवाला: हो, धाकटी. बाळ, पाणी दे ह्यांना.

मुलगी: घ्या मावशी.

शिंपीण: कामात होता का? मी फार वेळ नाही घेत. हा कागद आणलाय कंपनीचा. आज पाचच्या आत सही करून नेऊन द्यायचा. सही केली तर मदत मिळते, घर बांधून देतात आणि प्रकरण संपतं. नाही केली तर मदत बंद आणि चौकशी समितीपुढे उभं राहायचं. भाच्याने दोनदा वाचून दाखवला. अक्षर चांगलं आहे, शब्दही काही परके नाहीत, पण कुठून धरावा तेच कळेना. जोडपट्टी कुठे लावलीय ते दिसत नाही अशा कापडासारखा आहे. म्हटलं, गॅसमधल्या माणसाकडे जावं.

मुलगी: मावशी, हा... हा कागद ऑफिसातच कुणाला तरी दाखवलात का?

शिंपीण: त्यांनीच तर दिलाय, बाळ. त्यांना काय दाखवू? तू शिकलेली दिसतेस, तूच वाच.

मुलगी: 'सदर दुर्घटना ही ग्राहकाकडील गळतीमुळे घडली असून जाळ्यातील गळतीशी तिचा संबंध नाही, हे मला मान्य आहे.'

शिंपीण: ग्राहक म्हणजे मी.

मुलगी: हो.

शिंपीण: आणि जाळं?

मुलगी: रस्त्याखालून येणारी सगळी लाइन. मीटरपर्यंत कंपनीची जबाबदारी, म्हणजे मीटरच्या अलीकडची. मीटरच्या पलीकडे ग्राहकाची. घरातली नळी, जोड, शेगडीची चावी.

शिंपीण: म्हणजे मी चावी उघडी ठेवून बाहेर गेले, हे मला मान्य आहे. एवढंच लिहायचं होतं, तर जाळी कशाला विणली?

नाकवाला: बाई, त्या दिवशी तुम्ही घरात नव्हतात ना?

शिंपीण: नव्हते, म्हणून तर इथे बसलेय. सांगते. साडेनऊला चहा केला. ताईला अर्धा कप पाजला. ताई म्हणजे माझी मोठी बहीण. अर्धांग झाल्यापासून तीन वर्षं अंथरुणातच होती. चहा पाजून कप विसळला. मग शाळेचे गणवेश मोजले, चाळीस होते, गाठोडं बांधलं. ते पोचवून तासाभरात परत येते, तर गल्लीच्या तोंडापासूनच पायाखाली काचा. लोक मला पुढे जाऊ देईनात. फ्रिज आपणहून सुरू झाला, त्याची ठिणगी पडली आणि घरात गॅस साठलेला होता, असं नंतर सांगितलं.

मुलगी: आणि चावी?

शिंपीण: अर्धी फिरलेली सापडली. चावी मी बंद केली होती. केली असणार. रोज करते. पण जे रोज करतो ते नेमकं आठवत नाही ना, भाऊ? मी डोळे मिटून बसते आणि हात फिरवून बघते. एकदा आठवतं की केली. एकदा आठवतं की ताईने हाक मारली आणि मी तशीच वळले.

नाकवाला: हाक मारली होती?

शिंपीण: ती दिवसाकाठी पन्नास हाका मारायची. त्या वेळी मारली का, कोण सांगेल? म्हणून तुमच्याकडे आले. माझ्याकडून झालं असेल, तर मी आत्ता सही करते. घर बांधून देतात म्हणून नाही, केलंय म्हणून. पण झालं नसेल, तर ताईला मी मारलं असं माझ्या हाताने लिहून कसं देऊ? पुढे वाच, बाळ. भाऊंबद्दलचं.

मुलगी: 'गस्त-नोंदीनुसार दुर्घटनेपूर्वीच्या फेरीत सदर गल्लीत वास आढळलेला नाही. सबब गळती घरांतर्गत असल्याचे अनुमान निघते.'

शिंपीण: तो गस्तवाला म्हणजे तुम्ही. तुम्ही गटाराच्या झाकणाशी वाकायचात, ते आम्ही वर्षानुवर्षं पाहिलंय. मुलं तुमच्यामागे नाक वर करून चालायची. तुमच्या नाकाला सगळा गाव मानतो. तुम्ही एवढंच सांगा, खरंच वास नव्हता?

मुलगी: मावशी, नोंद आहे ना. बाबा रोजची नोंद रोज करायचे. नाकासमोर चालणारा माणूस आहे तो. त्यांनी नाही लिहिलं, म्हणजे...

शिंपीण: नोंद मी वाचली, बाळ. मला त्यांच्या तोंडून ऐकायचंय.

मुलगी: बाबा, सांगा ना.

शिंपीण: सावकाश सांगा. मला पाचपर्यंत वेळ आहे.

नाकवाला: बाई, मला वास येत नाही.

शिंपीण: आला नव्हता ना? बस, मग माझंच...

नाकवाला: आला नव्हता नाही. येतच नाही. कशाचाच. नऊ वर्षं झाली.

मुलगी: बाबा?

नाकवाला: वासद्रव्याचं पिंप उतरवत होतो, झाकण सुटलं, निम्मं अंगावर आलं. आठवडाभर मला घरात कुणी जवळ घेईना. तू तेव्हा हॉस्टेलवर होतीस. तिसऱ्या दिवशी मला स्वतःचा वास यायचा थांबला. वाटलं, सवय झाली. मग साबणाचा येईना. मग तुझ्या आईने लिंबू हातात दिलं, नखाने सोललं, तर नुसतं ओलं लागलं.

मुलगी: आईला माहीत होतं?

नाकवाला: पहिल्याच महिन्यात. दूध तापवायला ठेवलं की ती येऊन शेजारी उभी राहायची.

मुलगी: पण दर सहा महिन्यांनी तुमची नाकाची परीक्षा असते! मी स्वतः तिची व्याख्या लिहिलीय. चार बाटल्या, एकीत वासद्रव्य, डोळ्यांवर पट्टी...

नाकवाला: पट्टी डोळ्यांवर असते, कानांवर नाही. बरोबरची बाटली आली की गस्तीतला जोडीदार खोकायचा.

मुलगी: नऊ वर्षं?

नाकवाला: अठरा परीक्षा. शेवटी शेवटी डॉक्टर त्याला म्हणाले, छातीचा फोटो काढून घ्या. रस्त्यावरही तसंच. आम्ही जोडीने फिरायचो, तो वास घ्यायचा, मी वहीत लिहायचो. नाव माझं होतं, नाक त्याचं. मग त्याला हायड्रोजनच्या प्रशिक्षणाला नेलं. नवीन कामाला तरुण माणूस हवा होता. गस्त माझ्या एकट्यावर आली. गॅस हुडकणारं यंत्र तीन गस्तींत मिळून एक, ते आठवड्यातून एक दिवस मिळायचं, बाकीचे दिवस नाक.

मुलगी: आणि तुम्ही लिहीत राहिलात, 'वास आढळला नाही.'

नाकवाला: खोटं नव्हतं ते. मला आढळलाच नव्हता.

मुलगी: असली मखलाशी आमच्या ऑफिसात करतात बाबा. तुम्ही नका करू.

शिंपीण: थांब बाळ, त्यांना ओरडू नकोस. भाऊ, मला नीट उलगडून सांगा. वास होता की नव्हता?

नाकवाला: मी तुम्हाला शपथेवर सांगू शकत नाही, कारण मला कळायला मार्ग नव्हता. पण बाकीचं सांगतो. तुमच्या दारातून मोठी लाइन जाते, जुनी, लोखंडी. तिला चीर पडली, तर गॅस मातीतून पायाखाली येतो आणि जमिनीतून घरात शिरतो. माती त्याचा वास खाते. घरात पोचेपर्यंत नुसता गॅस उरतो. म्हणून ना तुम्हाला कळलं, ना ताईंना. पण गटाराच्या झाकणाशी तो सरळ वर येतो. तिथे वास राहतो. तिथेच वाकायचं असतं.

शिंपीण: आणि चावी?

नाकवाला: चहा झाल्यावर किती वेळाने निघालात?

शिंपीण: गणवेश मोजून, गाठोडं बांधून... वीस मिनिटं तरी.

नाकवाला: त्याच खोलीत?

शिंपीण: दुसरी खोली होती कुठे?

नाकवाला: शेगडीचा गॅस मातीतून येत नाही, थेट चावीतून येतो, तो सगळा वास घेऊन येतो. वीस मिनिटं चावी उघडी असती, तर तुम्हाला त्या खोलीत श्वास घेता आला नसता. चाळीसपर्यंत आकडे मोजणं लांबच. आणि अर्धी फिरलेली काय, ज्या शेगडीवर छत पडलं तिची चावी सरळ राहील होय? चावी बंद होती, बाई. तुम्ही बंद केली होती.

शिंपीण: परत म्हणा.

नाकवाला: तुम्ही बंद केली होती.

शिंपीण: सात महिने मी शेगडीपाशी गेले नाही हो. भाच्याची बायको पेटवते, तीच बंद करते. मी आपली हात बांधून लांब उभी. पोरं विचारतात, आजी, तू अशी का उभी राहतेस? त्यांना काय सांगू?

मुलगी: मावशी, मला पण एक सांगायचंय. मी कंपनीत काम करते. ह्या कागदातले शब्द माझे आहेत. 'ग्राहकाकडील गळती', 'जाळ्यातील गळती', 'अनुमान', सगळं. कुणासाठी लिहितेय ते माहीत नव्हतं मला. आणि माती वास खाते, हे आमच्या यादीत होतं. ते काढलं. काढायला सांगितलं आणि मी काढलं.

शिंपीण: ते असतं, तर काय झालं असतं?

मुलगी: ते घरोघरी जाणाऱ्या पुस्तिकेत तुम्हाला मिळालं असतं. तुम्ही वाचलं असतं आणि विचारलं असतं, मग घरात वास का नव्हता.

शिंपीण: हं. बापलेक दोघंही एकाच दुकानात.

नाकवाला: तुम्ही काय बोलाल ते ऐकून घेतो, बाई.

शिंपीण: मी काय बोलणार? नाक गेलं त्यात तुमचा काय दोष? पिंप काय तुम्ही स्वतः ओतून घेतलंत? माझी नजर गेलीय, भाऊ. चार वर्षं झाली, सुईत दोरा पुतणी ओवून देते. गिऱ्हाइकाला सांगते का मी? सांगितलं, तर उद्या कापड कोण टाकेल माझ्याकडे? पोट सगळ्यांना आहे. तुम्ही आज बोललात, हे माझ्यासाठी खूप झालं. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, वास नव्हता, जा, सही कर.

नाकवाला: तसं म्हणू नका.

शिंपीण: म्हणणार. मोठा उपकार केलात. आता फक्त हे लिहून द्या. बाळ, तुझ्याकडे ते लिहायचं यंत्र आहेच, लिही. भाऊ सही करतील. मी तो कागद घेऊन समितीकडे जाते.

मुलगी: बाबा, थांबा जरा. घाई नको. परीक्षेत फसवणूक केली असं होईल, पेन्शन अडकेल, जोडीदारकाकांची आत्ताची नोकरी जाईल. आधी वकिलाला विचारू. चार दिवस द्या, मावशी.

शिंपीण: मला पाचपर्यंतच दिलेत.

मुलगी: मग निदान उद्या सकाळी...

नाकवाला: तुझी नोकरी राहिली मोजायची.

मुलगी: तीही आहेच की. का नसावी? तुमच्या फोटोखालची ओळ मी लिहिलीय.

नाकवाला: लिही.

मुलगी: ठीक आहे. 'मी, निवृत्त गस्त कर्मचारी, स्वखुशीने निवेदन करतो की, गेली नऊ वर्षे माझ्या घ्राणक्षमतेत लक्षणीय घट...'

नाकवाला: घट नको. वास येत नाही, असं लिही.

मुलगी: 'मला कोणताही वास येत नाही. ही गोष्ट मी कंपनीपासून लपवून ठेवली. त्यामुळे शाळेमागील गल्लीबाबतची माझी नोंद ग्राह्य धरू नये.'

नाकवाला: चांगलं लिहितेस.

मुलगी: पगार त्याचाच मिळतो. परीक्षेचं कसं घालू?

नाकवाला: झालं तसं घाल. जोडीदाराचं नाव नको, माझं घाल. दुसऱ्याच्या मदतीने पास झालो, असं.

शिंपीण: सावकाश लिही बाळ, चुकू नको. मी बसलेय. बरं वाटतंय इथे. तुमच्या खिडकीतून झाड दिसतं. ताईला फार आवडायचं खिडकीतून हिरवं दिसलेलं. बाहेर झुडपांचं कुंपण होतं आमचं, गल्लीच्या कडेने, तेवढीच तिची बाग. तेही शेवटी वाळायला लागलं. मला वाटलं पाणी कमी पडतंय. रोज दोन बादल्या ओतायचे. ताई म्हणायची, अगं झाड आहे, जाणारच. मी म्हणायचे, तू गप्प बस, तुला बघायला काहीतरी नको का? तुम्हालाही वाईट वाटलं होतं ना, भाऊ?

नाकवाला: मला?

शिंपीण: हो. शेवटच्या फेरीला आलात, तेव्हा त्या वाळलेल्या जागेपाशी उभे राहिलात. मी मशीनवर होते, आतून बघत होते. तुम्ही एक फांदी मोडून पाहिलीत. मग खाली बसून माती चिमटीत घेतलीत. बराच वेळ होतात. मी ताईला म्हटलंसुद्धा, बघ, नाकवाल्यांनाही आपल्या झाडाचं वाईट वाटलं.

मुलगी: बाबा.

शिंपीण: काय झालं? लिहायचं का थांबलीस?

मुलगी: काही नाही. झालंच आहे. बाबा, सही करा इथे. मी लगेच छापून आणते.

नाकवाला: नाही झालं. आणखी लिहायचंय.

मुलगी: एवढं पुरेसं आहे. मावशींचं काम होतंय ह्यात. नोंद रद्द झाली, की अनुमान पडतं. आणखी काही लागत नाही. ऐका माझं.

नाकवाला: जमिनीत गॅस शिरला, की मुळं गुदमरतात. बाकी कशाचा पत्ता लागायच्या आधी झाड वाळतं. एका हातभर पट्ट्यात, सरळ रेषेत, लाइनच्या वर. आम्हाला हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. त्याला नाक लागत नाही, बाई. डोळे लागतात. डोळे माझे शाबूत आहेत.

मुलगी: बाबा, नका ना.

शिंपीण: बोलू दे त्यांना.

नाकवाला: मला कळलं होतं. फांदी मोडली तेव्हाच. वहीत 'झाडं वाळलेली' एवढं लिहिलं असतं, तर दुसऱ्या दिवशी दुरुस्ती पथक आलं असतं. त्यांनी झाकण उचललं असतं आणि वासाने मागे सरकले असते सगळे. मग मला विचारलं असतं, नाकवाले, तुम्ही काल इथे वाकला होतात, तुम्हाला हा वास आला नाही? निवृत्तीला तीन महिने राहिले होते. मी ठरवलं, जोडीदार सुट्टीवर येईल, त्याला घेऊन येऊ. तो वास घेईल, मग आला म्हणून लिहू.

शिंपीण: मग?

नाकवाला: पहिल्या रविवारी त्याच्याकडे पाहुणे होते.

शिंपीण: आणि दुसऱ्या?

नाकवाला: दुसऱ्या रविवारी मी त्याला बोलावलंच नाही. म्हटलं, काही झालं नाही इतके दिवस. जुनी चीर असेल. वरच्या वर जात असेल.

शिंपीण: मी त्याच्यावर पाणी ओतत होते.

नाकवाला: हो.

शिंपीण: किती दिवस आधी आला होतात तुम्ही?

नाकवाला: अकरा.

शिंपीण: अकरा. तेवढ्यात मी गणवेशांचं सगळं काम संपवलं होतं. ताईला दोनदा न्हाऊ घातलं होतं. बाळ, लिहिलंस का हे?

मुलगी: मावशी, हे लिहिलं, तर बाबांवर गुन्हा दाखल होईल. तुम्ही मघाशी म्हणालात ना, पोट सगळ्यांना आहे...

शिंपीण: मी ते नाकाबद्दल म्हणाले होते.

नाकवाला: लिही.

मुलगी: 'दुर्घटनेच्या अकरा दिवस आधी...' मी आकडा टाकलाय. एक आणि एक.

शिंपीण: आकडा नको. अक्षरांत लिही.